दादाचा गेम कापू की नको?

आर्णी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

‘सर, नमस्कार. वय ३१, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलं आहे, पण पोट शेतीवर. सहा एकर, कापूस आणि तूर. दोन वर्षांपासून जुने टीव्ही गेम दुरुस्त करायचा नाद लागला. भंगारवाल्याकडून, आठवडी बाजारातून, पाहुण्यांच्या माळ्यावरून आणतो. अकरा नग झाले, सहा चालू केले. मागच्या महिन्यात आमचाच लहानपणचा गेम सापडला. दादाला सातवीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हा बाबांनी घेऊन दिला होता. तळाला दादाने कर्कटकाने नाव कोरलेलं आहे. दादा आता पुण्याला असतो. म्हणतो, एचडीएमआय करून पाठव, दिवाळीत पोरं मोठ्या टीव्हीवर खेळतील. पाच हजार पाठवलेही. यवतमाळचा एक दुकानदार म्हणतो, आतलं सगळं काढून नवा बोर्ड टाकू, सहाशे गेम येतील, मागून डबा कापावा लागेल. माझं मन होत नाही. आत मधोमध डांबरासारखा काळा थेंब आहे. डबा हळदीसारखा पिवळा पडला, तो पांढरा होईल का? दुसरं, एक चांगला गेम मी डिशच्या अ‍ॅडाप्टरवर लावला तर धूर निघाला. तिसरं, बाबा म्हणतात, “हे पोट्ट्यायचे खेळ सोड.” बायकोने तर बोलणंच टाकलं. म्हणते, “त्या खोलीत एक तर कापूस राहीन, नाही तर तुमचे डबडे.” आतापर्यंत चौदा हजार गेले, तिला त्याचाच राग आहे. काय करू?’

सर म्हणू नको. मी कधी कुणाला शिकवलं नाही. हिंगणघाटला माझं रेडिओ-टीव्हीचं दुकान सव्वीस वर्षं होतं आणि तिथे मला सगळे भाऊच म्हणायचे. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

तू तीन प्रश्न विचारलेस. चौथा तुझ्या बायकोने विचारला आहे, आणि मी आधी त्याचं उत्तर देतो. ‘त्या खोलीत’ असं तू ओझरतं लिहून पुढे गेलास. म्हणजे दर वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेल्या खोलीत बसून तू सोल्डरिंग करतोस. बाप्पा! पंचवीस वॅटच्या साध्या आयर्नचं टोकसुद्धा तीनशे अंशांच्या वर जातं. काम करताना लाइन जाते. तू वैतागून उठतोस, बटण बंद करायचं राहून जातं, कारण आयर्न तर थंडच पडलेलं असतं. मग वावरात जातोस आणि दोन तासांनी लाइन येते. पुढचं मी सांगायला नको. कापसाचा भडका लगेच उठतही नाही, गंजीच्या पोटात तो धुमसत राहतो आणि बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात कॅसेटचे कॉन्टॅक्ट पुसायला तू आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरत असशील. त्याची बाटली उघडी राहिली तर तिची वाफही पेट घेते.

तिला चौदा हजारांचा राग आहे असं तू लिहितोस. तिचं वाक्य पुन्हा वाच, त्यात पैसा कुठे आहे?

तर आजच्या आज टेबल छपरीत आण. गोठ्याकडे नेऊ नको, तिकडे वाळलेलं कुटार असेल. टेबलावर एखादी उरलेली फरशी टाक, आयर्नला जड बुडाचा स्टँड घे आणि ज्या बोर्डावर आयर्न लावतोस त्याच बटणावर एक छोटा लाल दिवा जोड. लाइन आली की दिवा पेटेल आणि घरातल्या कुणालाही दिसेल की भाऊसाहेब आयर्न चालू ठेवून गेले.

आता दादाचा गेम.

तुझ्यासारख्या हौशी माणसाला आपल्या हातात नेमकं काय आहे हे ठाऊक पाहिजे, म्हणून थोडं मागे जातो. निन्टेन्डोने जपानात १९८३ मध्ये फॅमिली कॉम्प्युटर नावाचा लाल-पांढरा गेम आणला. आत चाळीस-चाळीस पायांच्या दोन मोठ्या आयसी, म्हणजे चिप, होत्या, एक हिशेब करणारी आणि एक चित्र काढणारी. १९८५ मध्ये तोच गेम वेगळ्या डब्यात अमेरिकेत गेला. तिकडच्या कॅसेटला ७२ पिना, जपानी कॅसेटला ६०. आपल्या तालुक्याच्या गावांत नव्वदीत जे आले ते बहुतेक या जपानी गेमच्या नकला होते, म्हणून आपल्या कॅसेटला साठ पिना. डब्यावर नाव कुणाचंही असो, आत तेच. सुरुवातीच्या नकलांत त्या दोन आयसी वेगवेगळ्या दिसायच्या. नंतर सगळा कारभार एकाच चिपवर आला आणि ती चिप थेट बोर्डाला चिकटवून वरून काळा इपॉक्सी ओतायला लागले. तोच तुझा डांबराचा थेंब. त्याच्या आत केसाहून बारीक तारा आहेत. तो खरवडून कुणी दुरुस्त करत नाही, आणि आत कुठे पाय नाहीत की तिथून सिग्नल उचलावा.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे खरं एचडीएमआय बसवायचे जे किट मिळतात ते अस्सल जपानी किंवा अमेरिकन गेमसाठी असतात. त्यात त्या दोन्ही मोठ्या आयसी काढून मध्ये एक बोर्ड घालतात आणि चित्र सरळ आयसीच्या पायांवरून घेतात. तुझ्या दादाच्या गेमला ते होणारच नाही. म्हणजे यवतमाळचा दुकानदार जे सांगतो आहे त्यात दादाच्या गेमचा डबा तेवढा राहील. आतला बोर्ड भंगारात जाईल आणि त्याच्या जागी एक छोटा कॉम्प्युटर बसेल, जो त्या गेमची नक्कल करेल. म्हणजे नकलेची नक्कल. तो माणूस तुला फसवत नाही, स्पष्ट सांगतो आहे. पण पोरांना फक्त खेळायचंच असेल तर तसा तयार गेम बाजारात मिळतो. त्यासाठी नाव कोरलेल्या डब्याला आरी लावायची काहीच गरज नाही.

या नादात मी एकच नियम पाळत आलो. जे पुन्हा जसंच्या तसं करता येईल ते बिनधास्त कर. तार जोडली, ती काढता येते. कपॅसिटर बदलला, पुन्हा बदलता येतो. प्लास्टिक कापलं की कापलं. तुझं मन होत नाही म्हणतोस, ते मन बरोबर सांगतंय, फक्त त्याला कारण सापडलं नव्हतं.

दादाला आधी त्याच्या टीव्हीच्या पाठीमागचा फोटो पाठवायला सांग. कित्येक नव्या टीव्हींना अजूनही एव्ही इनपुट असतो, कधी पिवळं-पांढरं-लाल भोक, कधी हेडफोनसारखी एक बारीक पिन लागते. तो असला तर एचडीएमआयचा विषयच संपला. नसला तर एव्हीवरून एचडीएमआय करणारी हाताच्या तळव्याएवढी डबी बाहेरून लाव. ती मोबाइलच्या चार्जरवर चालते. मात्र एक सांगून ठेव की स्वस्त डबीत चित्र किंचित उशिरा येतं. मारिओला खड्ड्याच्या काठावरून उडवायचं बटण दाबलं तर तो आधी खड्ड्यात जातो आणि मग उडायचं मनात आणतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो लावला की थोडा फरक पडतो.

आता गेममधून एव्ही काढायचं. तुझ्या नगाला बाजूला एव्हीची भोकं असतील तर आधी ती तपास, बहुधा आतून सोल्डर सुटलेलं असतं. नसतील तर बोर्डाच्या कडेला आगपेटीएवढी पत्र्याची डबी शोध. ती चित्र आणि आवाज एकत्र करून अँटेनाच्या वाटेने टीव्हीला देते. आपण टीव्हीचं बारीक चाक फिरवत बसायचो ते तिच्यासाठी. हिच्या पोटात मी काय काय पाहिलं आहे! एकदा एका गेममध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, पत्रा आणि बोर्ड यांच्या फटीत, गोल गुळगुळीत, आणि आत वाळलेल्या अळ्या. माती खरवडून आयपीएने पुसली तर गेम चालू झाला, त्याला दुसरा काही आजार नव्हताच.

त्या डबीत तीन तारा किंवा पाय जातात: पाच व्होल्ट, चित्र आणि आवाज. बाहेरचा पत्रा म्हणजे ग्राउंड. मीटर लावून आधी पाच व्होल्ट ओळख आणि तो बाजूला ठेव. राहिलेल्या दोघांपैकी आवाज कोणता हे छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकलं की कळतं. चित्राच्या जागेवरून एक तार आणि आवाजाच्या जागेवरून एक, ग्राउंडसह एव्हीच्या वायरला जोड. अनेक नकलांत एवढ्यावर चित्र येतं. मळकट किंवा अंधारं आलं तर समज, तिथला सिग्नल अशक्त आहे आणि टीव्हीचा ७५ ओहमचा इनपुट त्याला ओढवत नाही. मग मध्ये सिग्नलला जोर देणारा एका ट्रान्झिस्टरचा बफर घाल, आयटीआयत एमिटर फॉलोअर केला असशील तोच. पत्र्याची डबी काढून टाकू नको, असू दे. वायर बाहेर काढायला नवं भोक पाडू नको. पॅडच्या वायरी जिथून निघतात त्या खाचेतून ती निघते. जमलं की एका चिठ्ठीवर तारीख आणि काय जोडलं ते लिहून झाकणाला आतून चिकटव. उद्या तुझा पुतण्या तो उघडेल, त्याला शिव्या देत बसावं लागू नये.

चित्र आलं पण रंगच नाहीत, असं झालं तर घाबरू नको. टीव्हीची कलर सिस्टीम पाल आणि एनटीएससी यांत उलटसुलट झालेली असते. सेटिंगमध्ये बदलून बघ.

धुराचं आता सांगतो. यात तू एकटा नाहीस. नव्वदीतली गोष्ट. एका मास्तरांनी मुलासाठी घेतलेला कोराकरकरीत गेम माझ्या दुकानात आणला, म्हणाले, चित्र हलतं, बघा. मी माझ्याजवळचा एलिमिनेटर, म्हणजे व्होल्ट बदलता येणारा अ‍ॅडाप्टर, लावला, तो तीनपासून बारा व्होल्टपर्यंत फिरवायचा, बाजूला प्लस-मायनस उलटवायचं बटण. व्होल्ट बरोबर नऊवर ठेवले. बटणाकडे पाहिलंच नाही. फट्‌ आवाज आला आणि माशाच्या वासासारखा घाण वास दुकानभर. मास्तर काही बोलले नाहीत. मुलगा माझ्याकडे बघत होता, ते मला अजून आठवतं. नवा गेम मी पदरच्या पैशांनी आणून दिला, दोन महिने बायकोला हिशेब दाखवला नाही.

तुझंही तेच झालं. या गेमना बहुतेक नऊ व्होल्टचा आणि मधली पिन मायनस असलेला अ‍ॅडाप्टर लागतो. डिशच्या डब्याचा बहुतेक बारा व्होल्टचा आणि मधली पिन प्लसची. पिन बसते म्हणून तो चालतो असं नाही. बारा व्होल्ट एक वेळ आतला तीन पायांचा, पाच व्होल्ट करून देणारा ७८०५ पचवेल, तापेल फक्त, कारण वरचे सात व्होल्ट त्याला उष्णतेत उडवावे लागतात. पण उलटा करंट गेला की पहिला मरतो तो मोठा कपॅसिटर, आणि धूर बहुधा त्याचाच. म्हणून ‘बहुतेक’वर विसंबू नको, प्रत्येक नगाला मीटर लाव. मीटर बीपवर ठेवून एक टोक सॉकेटच्या मधल्या पिनेला आणि दुसरं ७८०५ च्या मधल्या पायाला. बीप वाजला तर मधली पिन मायनस.

जळालेला नग टाकून देऊ नको. फुगलेला कपॅसिटर आणि ७८०५ दोन्ही काढ. मग बोर्डावर पाच व्होल्टच्या रेषेपासून ग्राउंडपर्यंत ओहम मोज. शून्याच्या आसपास आलं तर थेंबातली चिप गेली, त्या बोर्डावरचे सॉकेट आणि स्विच सुट्या भागांच्या डब्यात टाक. शे-दोनशे किंवा त्याहून जास्त आलं तर आशा आहे. नवा ७८०५ बसव, १००० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा कपॅसिटर लाव, आणि त्यावरचा पट्टा मायनसकडे आहे ना ते दोनदा बघ. मग सॉकेटच्या प्लसवरून ७८०५ कडे जाणाऱ्या वाटेत एक ४००७ नंबरचा डायोड घाल, पट्ट्याची बाजू ७८०५ कडे. पुढे कुणीही कोणताही अ‍ॅडाप्टर उलटा खुपसला तरी करंट आत शिरणार नाही. पाऊणएक व्होल्ट त्यात खर्च होतो, नऊतून तेवढा गेला तरी चालतो. रुपया-दोन रुपयांचा हा डायोड मी मास्तरांच्या प्रसंगानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक गेममध्ये घातला, विचारलं तरी आणि न विचारलं तरी.

पिवळ्या डब्याचं थोडक्यात सांगतो. ऊन, उष्णता आणि हवा यांनी ते प्लास्टिक पिवळं पडतं. मेडिकलवर ‘वीस व्हॉल्यूम’ म्हणून ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्यात सुटा डबा पूर्ण बुडवून पारदर्शक भांड्यात उन्हात ठेवला की काही तासांत उजळतो. हातमोजे आणि चष्मा हवा. थोडा भाग वर राहिला तर तिथे ढग-ढग उमटतात. आपल्याकडे ऊन काही विकत आणावं लागत नाही, ऑक्टोबरचंही पुरेल. होतं म्हणून लिहिलं. पण वर्षा-दोन वर्षांत पिवळेपणा परत येऊ शकतो, आणि दादाच्या नगावर तर करूच नको असं माझं मत. बाजारातून आणलेल्या एखाद्या बेवारशी नगावर हात साफ कर. थिनर मात्र कोणत्याच डब्याला लावू नको, प्लास्टिक विरघळतं. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणं बंद कर. आपण सगळ्यांनीच मारली, पण थुंकीने पिना गंजतात, आणि गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे.

पैशांचं. अकरा नगांवर चौदा हजार हा गुन्हा नाही, पण ते विकून पैसे येतील या भ्रमात असशील तर तो सोड. नकलांना संग्राहक भाव देत नाहीत. जो नाद आहे तो नाद म्हणून वहीत लिही, शेतीच्या हिशेबात मिसळू नको. बारावा नग आणायच्या आधी राहिलेले पाच उघड. दादाच्या पाच हजारांतून वायर, डबी आणि पार्सल यांचा खर्च वजा कर आणि बाकी परत पाठव, नको म्हणाला तरी पाठव.

बाबांना पटवायला जाऊ नको. गेमच्या पॅडमध्ये बटणाखाली जे काळं कार्बनचं रबर असतं तेच टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं, आणि तुला ते साफ करता येतं. गावात निम्म्या घरांचे रिमोट बटण अंगठ्याने रुतवल्याशिवाय चालत नसतील. बाबांच्या मित्रांपासून सुरुवात कर. आयपीए, कापूस आणि दहा मिनिटं. कापूस तर घरचाच आहे.

दादाला लिहू नको, फोन कर. त्याच्या मनातला गेम आणि तुझ्या हातातला गेम एकच आहे, पण त्याने तो कितीतरी वर्षांत पाहिलेला नाही. त्याला सांग की आतला बोर्ड तोच राहील, तुझं नाव राहील, चित्र मोठ्या टीव्हीवर येईल. आणि बंदुकीचं आधीच सांगून टाक. बदकं मारायची बंदूक त्याच्या टीव्हीवर चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीतला डोळा तो चौकोन त्याच क्षणी शोधतो. काचेच्या जुन्या टीव्हीत तो वेळेवर येतो. चपट्या टीव्हीत उशिरा येतो, तोवर बंदुकीने नेम चुकला असं ठरवून टाकलेलं असतं. बदकं मारायची असतील तर पोरांना घेऊन गावी यावं लागेल. तेवढ्यासाठी एक जुना डबा टीव्ही सांभाळून ठेव, पण तो उघडू नको. तुझा हात कितीही बसलेला असो, पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि बटण बंद केल्यावरही ते बराच वेळ राहतात. माझ्या ओळखीचा चांगला कारागीर त्या झटक्याने भिंतीवर आपटला होता.

फोन संध्याकाळी कर. त्याआधी टेबल छपरीत हलव. बायकोला वेगळं काही सांगू नको, खोली रिकामी झालेली तिला दिसेलच.